मूळ प्रत

हितेंद्र भोळेच्या तोंडून "झालं" हा शब्द मी अकरा वर्षांत एकदाच ऐकला. एरवी काम कितीही चोख झालेलं असो, हा गृहस्थ म्हणणार, "झालेलं दिसतंय तरी." मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. मी एसटीत कारकुनी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. आमच्याकडे काम एक तर झालेलं असायचं, नाही तर नसायचं. हे "दिसतंय तरी" कुठलं काढलंस, म्हणून मी त्याला चारचौघांत झापलेलं आहे. तो रागवायचा नाही. चष्मा पुसत म्हणायचा, "रुपचंदभाऊ, परत काढून बघितल्याशिवाय झालं म्हणू नये."

निवृत्तीनंतर मी जळगावच्या एका ट्रस्टच्या रक्तकेंद्रात व्यवस्थापक म्हणून लागलो. हितेंद्र त्याआधीपासून तिथले संगणक सांभाळायचा. राहायला असोद्याला. वडील कौतिकआबांची केळीची बाग होती, पण या पोराचं मन बागेत रमलं नाही. डिप्लोमा करून तो शहरातल्या सात-आठ कचेऱ्यांचे संगणक बघायला लागला. बारीक अंगाचा, शर्टाच्या खिशात कायम एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. दर शनिवारी तो स्टीलचा डबा घेऊन यायचा. डब्यात नॅपकिनमध्ये गुंडाळलेली एक छोटी डिस्क असायची. आम्ही विचारायचो, "आज डब्यात काय रे, शेवभाजी का?" तो म्हणायचा, "तुमचा आठवडा हाये."

बॅकअप म्हणजे काय हे त्यानं मला पहिल्याच महिन्यात समजावून सांगितलं होतं, आणि माझ्यासारख्या ठोंब्यालाही ते कळलं होतं. "समजा तुम्हाला घर बदलायचंय. पहिल्या दिवशी सगळा संसार ट्रकात भरून नव्या घरी नेला. ती मूळ प्रत. मग रोज काय न्यायचं? सगळा संसार रोज नाही न्यायचा. त्या दिवशी जे नवं आलं किंवा बदललं, तेवढंच पिशवीत घालून न्यायचं. त्या वाढीव प्रती. पण उद्या संसार परत मांडायची वेळ आली, तर ट्रकही पाहिजे आणि सगळ्या पिशव्याही पाहिजेत. एकेक करून, लागल्या क्रमानं." दर दसऱ्याला यंत्रांना झेंडू आणि आपट्याची पानं वाहून झाली की तो नवी मूळ प्रत काढायला बसायचा. बाकी वर्षभर पिशव्या. शनिवारी आठवड्याच्या पिशव्या त्या छोट्या डिस्कवर घालून असोद्याला घरी न्यायचा. केंद्राला आग लागली, पाणी शिरलं, तरी काहीतरी बाहेर असावं म्हणून. ट्रक मात्र त्या डिस्कवर मावत नव्हता. तो केंद्रातच.

आता प्रोफाइल. कुठल्या संगणकातलं काय उचलायचं, किती वाजता, कुठं ठेवायचं आणि किती दिवस, याची जी एक पक्की यादी सॉफ्टवेअरला देऊन ठेवावी लागते, तिला प्रोफाइल म्हणतात. तिला नाव द्यावं लागतं. ट्रस्टच्या जागेत नावांना काय तोटा! आमच्याकडे एका पंख्याच्या तीन पात्यांवर तीन दात्यांची नावं आहेत. पंखा लागला की एकाचंही वाचता येत नाही. बाकांवर, पाण्याच्या टाकीवर, जिन्याच्या पायरीवर नावं. मुख्य सर्व्हर आमचे विश्वस्त निर्मलकुमारजींनी दिलेला, त्यावर त्यांचं नाव, म्हणून हितेंद्रनं त्याच्या प्रोफाइललाही तेच नाव ठेवलं.

निर्मलकुमारजी कापडाचे व्यापारी, पण माणूस रसिक. केंद्राच्या बॅकअपचा निरोप रोज सकाळी सात वाजता आपल्याही फोनवर आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. निरोप यायचा: "निर्मलकुमार — पूर्ण." केंद्रात आले की हसत सांगायचे, "भाऊ, आज सकाळीच पूर्ण झालो मी." एखाद्या दिवशी वीज गेलेली असली की "अपूर्ण" यायचं. मग सव्वासातला माझा फोन वाजायचा आणि मी हितेंद्रला हलवायचो.

गेल्या वर्षी जानेवारीत निर्मलकुमारजी गेले. सकाळी फिरायला म्हणून निघाले आणि काव्यरत्नावली चौकाच्या अलीकडेच कोसळले. तिसऱ्या दिवशी लोक सांत्वनाला जमले, उठावणा झाला. त्यानंतर आठवड्याभरानं त्यांच्या पत्नी पानबाईंनी मला घरी बोलावलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर निर्मलकुमारजींचा फोन होता. लोकांचे फोन येतात म्हणून तो बंद केलेला नव्हता.

"रुपचंदभाऊ, रोज सातला हा वाजतो," त्या म्हणाल्या. "मी दचकून उठते. वाटतं, यांचंच काही आलं. बघते तर खरंच यांचं नाव, आणि पुढे लिहिलेलं, पूर्ण. रोज सकाळी हे कसं वाचू मी?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचा मुलगा श्रेयांस शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काका, यंत्रातून पप्पांचं नावच काढून टाका ना. गेलेल्या माणसाला असं कामाला लावणं बरं नाही. त्यांच्या नावाचा फलक आपण दारात लावू."

मी शब्द दिला. उद्या सातला नाव येणार नाही, म्हणालो. शब्द द्यायला माझ्या बापाचं काय जात होतं?

केंद्रात आलो आणि हितेंद्रला बोलावलं. तो म्हणाला, "त्यात काय, निरोप बंद करतो. एक टिक काढायचं काम." हे त्याचं बोलणं मी ऐकलं असतं तर आज हे लिहायला बसलो नसतो. पण मी कारकून. श्रेयांस "नाव काढा" म्हणाला होता, "निरोप बंद करा" म्हणाला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही ते खटकत होतं. मेलेल्या माणसाचं नाव आपण कपड्यांवरून काढतो, गादीवरून काढतो, त्याची चप्पलसुद्धा घरात ठेवत नाही. मग यंत्रात त्याला रोज राबवत ठेवायचं? मी म्हणालो, "निरोप नाही. नाव काढ."

"नाव बदलता येत नाही या सॉफ्टवेअरात," तो म्हणाला. "प्रोफाइल नवी करावी लागंल. नव्या प्रोफाइलला नवी मूळ प्रत लागते. डिस्कवर दोन ट्रक मावत नाहीत, भाऊ. नवी डिस्क येऊ द्या. आठ दिवस."

"डिस्कला मंजुरी कोण देणार? देणारा तर गेला. पुढची सभा मार्चात."

"मग मार्चात करू."

"मी पानबाईंना शब्द दिलाय. आज कर."

त्यानं चष्मा पुसला. मग त्यानं जुनी प्रोफाइल उघडली आणि काढून टाकण्याचं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला: या प्रोफाइलच्या सर्व प्रतीही काढून टाकायच्या का? त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "हो म्हण."

त्यानं हो म्हटलं. मग "केंद्र" नावाची नवी प्रोफाइल केली आणि सर्व्हरची नवी मूळ प्रत काढायला लावली. दुसऱ्या दिवशी सातला पानबाईंकडचा तो फोन वाजला नाही. त्यांनी श्रेयांसच्या हाती निरोप पाठवला की त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोपल्या. मला कोण समाधान वाटलं! आपण एका बाईचे अश्रू पुसले, असं मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

प्रोफाइल बदलली त्या दुपारी एक गोष्ट राहिली होती. आमच्याकडच्या तंत्रज्ञ कुंदाबाई काही विशेष अहवाल बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेतून मागवायच्या. एखाद्याच्या रक्तात एखादा वेगळाच गुण सापडला, नेहमीचं रक्त त्याला चालत नाही असं कळलं, की त्याचा दोन पानी अहवाल यायचा. कुंदाबाई तो स्कॅन करून त्यांच्या सोयीच्या एका वेगळ्या फोल्डरात ठेवायच्या. मुख्य यादीत त्या माणसाच्या नावापुढे फक्त "विशेष अहवाल जोडला आहे" एवढं दिसायचं. हा वेगळा फोल्डर हितेंद्रनं पूर्वी कधीतरी निर्मलकुमार प्रोफाइलमध्ये हातानं टिक करून घातला होता. नव्या प्रोफाइलमध्ये ती टिक करायची राहिली. माझी घाई, आणि त्याची सात वर्षांपूर्वीची एक टिक. ती त्याला आठवली नाही. मूळ कागद तर कधीच रद्दीत गेले होते. स्कॅन झालेत, मग धूळ कशाला सांभाळायची, म्हणून ती रद्दी घालायचा ठरावही माझ्याच अक्षरातला आहे.

तुम्ही म्हणाल, हा तर परत काढून बघणारा माणूस, याला कळलं कसं नाही? तो बघत होता. दर शनिवारी एखादी फाइल बॅकअपमधून परत काढून उघडायचा. शितावरून भाताची परीक्षा. पण जो भात चुलीवर चढवलाच नाही त्याचं शीत कुठून आणणार?

मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला. दुपारी वीज यायची-जायची. एका मंगळवारी सर्व्हरनं घरघर केली आणि मान टाकली. आत डिस्क मेली होती. शिबिरांचा मोसम, बाहेर नातेवाइकांची रांग, आणि कोणाचा कोणता गट, कोणती पिशवी कधीची, काही दिसेना. हितेंद्र दहा वाजता येऊन बसला. नवी डिस्क घातली, "केंद्र"ची मूळ प्रत उतरवली, मग जानेवारीपासूनच्या वाढीव प्रती एकामागून एक. दीडला जेवायला उठवलं तर उठला नाही. कुंदाबाईंनी त्याच्या हातात भाकरी-ठेचा दिला, तो त्यानं पडद्यावरची नजर न काढता खाल्ला. पाचच्या सुमाराला यादी उघडली. नावं, गट, तारखा, सकाळच्या नोंदीपर्यंत सगळं जिथल्या तिथं. बाहेरच्या लोकांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बोल आता. झालं की दिसतंय?"

तो हसला. दिवसभराच्या थकव्यानं असेल, की एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून असेल, तो म्हणाला, "झालं, रुपचंदभाऊ. झालं."

पुढच्या सभेत आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिलं. मेलेली डिस्क हमीत होती, ती कंपनीनं परत नेऊन नवी दिली. सगळं रीतसर.

ऑगस्टमध्ये, नागपंचमी होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, सकाळी दहाला धुळ्याहून फोन आला. तिथल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टर प्रियल बोलत होत्या. आवाजावरून वयानं लहान वाटल्या, पण घाबरलेल्या नव्हत्या. त्यांच्याकडे रत्ना नावाची बाई होती, सव्वीस वर्षांची. पहाटे मुलगी झाली होती आणि तेव्हापासून रक्तस्राव थांबत नव्हता. रक्त द्यावं लागणार होतं. जुळणी करून बघितली तर सगळं ठीक दिसत होतं. पण रत्नाची आई हट्टाला पेटली होती की असंच कुठलंही रक्त देऊ नका.

"त्या इथंच आहेत, तुम्हीच ऐका," डॉक्टर म्हणाल्या, आणि फोनवर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"मी रत्नानी माय, भिकुबाई. फागण्यानी. सव वरीस पह्यले जळगावले तिले रगत दिधं तव्हय मोठा ताप वना व्हता. मंग तुमना कुंदाबाईनी तपासनी करी. कोनतं रगत चालत नई ते लिखेल शे तुमनाकडे. बठ्ठं लिखेल शे. तेवढं दखी सांगा ना भाऊ."

कोणतं रक्त चालत नाही ते सगळं आमच्याकडे लिहिलेलं आहे, तेवढं बघून सांगा, असं ती म्हणत होती. रत्नाचं सासर जामनेरचं. नवरा कुंदन तिथल्या बाजार समितीत हमालांचा मुकादम. सहा वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात मूल गेलं, रत्नाला जळगावला आणलं, आणि त्या वेळी हे रक्ताचं सगळं घडलं होतं. या खेपेला ती रीतीप्रमाणे बाळंतपणाला माहेरी, धुळ्याजवळच्या फागण्याला, आली होती. म्हणून बाई धुळ्याला आणि अहवाल जळगावला. काय टाळायचं ते लिहून आम्ही तेव्हा दिलेलं कार्ड कुंदननं जपलं होतं म्हणे, पण मधल्या काळात खोली बदलली. तो जामनेरच्या खोलीत पेट्या उपसत होता आणि दर दहा मिनिटांनी फोन करून सांगत होता, "नही सापडत भाऊ, अजून बघतो."

डॉक्टर प्रियलनी मला समजेल असं सांगितलं. एकदा चुकीचं रक्त गेलं की शरीर ते लक्षात ठेवतं. वर्षं गेली की त्याची खूण रक्तात इतकी पुसट होते की तपासणीत दिसतच नाही. पण तेच रक्त परत दिलं, तर शरीराला चार दिवसांत सगळं आठवतं. "मला फक्त एवढंच सांगा, काय टाळू," त्या म्हणाल्या. "ते कळलं की मी बरोबर पिशवी शोधते. पण लवकर."

मी कुंदाबाईंना हाक मारली. त्यांनी नाव टाकलं. रत्ना, कुंदन, जामनेर. तारीख सहा वर्षांपूर्वीची. पुढे लिहिलेलं: विशेष अहवाल जोडला आहे. माझा जीव भांड्यात पडला. कुंदाबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

फाइल सापडत नाही.

परत ठेवलं. फाइल सापडत नाही. त्यांनी दुसऱ्याच एका माणसाचा विशेष अहवाल उघडून बघितला. फाइल सापडत नाही. मग तिसऱ्याचा. कुंदाबाई माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "रुपचंदभाऊ, माझा फोल्डरच नाहीये," त्या म्हणाल्या. असे अहवाल वर्षाला एक-दोनच, मेपासून तो उघडायची वेळच आली नव्हती. त्यांना रत्ना आठवत होती, तिचा ताप आठवत होता. काय टाळायचं ते मात्र आठवेना. दोन नावं डोक्यात येत होती आणि त्यातलं एकही त्या शपथेवर सांगायला तयार नव्हत्या. त्यांनी बाहेरगावच्या त्या प्रयोगशाळेला विचारलं, तर पाच वर्षांपलीकडचं तिथं ठेवत नाहीत, असं उत्तर आलं.

हितेंद्र वीस मिनिटांत आला. खुर्चीत बसला, "केंद्र" प्रोफाइल उघडली, काय-काय उचललं जातं त्याची यादी खालपर्यंत बघितली. एकदाच बघितली. तेवढ्यात त्याला सगळं कळलं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. मग तो उठला आणि मोटरसायकलवर असोद्याला गेला. त्याच्या घरच्या त्या डब्यात जुनी छोटी डिस्क तशीच पडून होती. निर्मलकुमार प्रोफाइलच्या शेवटच्या आठवड्याची. "केंद्र"साठी त्यानं दुसरीच घेतली होती. जानेवारीत तिची आठवण कोणालाच झाली नव्हती, म्हणून ती वाचली होती.

पावणेबाराला त्यानं ती सर्व्हरला जोडली. मी त्याच्या खुर्चीमागे उभा होतो. डिस्कवर सात दिवसांच्या सात पिशव्या होत्या. पण प्रत्येक पिशवीसोबत संपूर्ण संसाराची एक यादी असते, हे मला तेव्हा कळलं. कुठली वस्तू कुठे आहे, याची. त्या यादीत कुंदाबाईंचा फोल्डर होता. फोल्डरात नावं होती. रत्ना, कुंदन, जामनेर. दोन पानं. तारीख. किती जागा व्यापते तेसुद्धा.

"आहे! अरे, आहे!" मी ओरडलो.

हितेंद्रनं त्या ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: मजकूर मूळ प्रतीत.

"ट्रक नही ना, भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला.

तरी तो दोन तास झटला. केंद्रातल्या ज्या डिस्कवरून जुनी मूळ प्रत पुसली होती, तिच्यावर काही उरलेलं सापडतं का बघितलं. तिथं नवी मूळ प्रत बरोबर त्याच जागेवर चढून बसली होती. पुण्यातल्या कोणाला तरी फोन केला. ज्या कंपनीनं मेलेली डिस्क नेली तिला फोन केला. असल्या डिस्का चुरा करतात, असं उत्तर आलं. दर अर्ध्या तासाला डॉक्टर प्रियलचा फोन यायचा. दोन वाजता त्या म्हणाल्या, "आता मला थांबता येणार नाही. दिलं नाही तर ती संध्याकाळ बघणार नाही." मी फोन हितेंद्रकडे दिला. तो म्हणाला, "द्या, ताई." आणखी काय म्हणणार?

दोन पिशव्या दिल्या. संध्याकाळी रत्ना बोलायला लागली, मुलीला जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी चांगली, तिसऱ्या दिवशी चांगली. मी मनातल्या मनात नवस बोललो. पाचव्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले. मग लघवी काळी व्हायला लागली, आणि मग होईनाशीच झाली. नवव्या दिवशी ती गेली.

हे सगळे दिवस हितेंद्र रोज सकाळच्या बसनं धुळ्याला जात होता. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाच्या पारावर बसायचा आणि संध्याकाळी परत यायचा. कोण आहेस, कशाला आलास, काही सांगायचा नाही. भिकुबाईंना वाटलं, याचंही कोणी आत असेल. त्यांनी एकदा आपल्यातला चहा अर्धा करून त्याला दिला होता. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना खाली बघत राहिला.

मी गेलो नाही. मी केंद्राचा खुलासा लिहीत होतो. विश्वस्तांना पाठवायच्या त्या कागदावर मी लिहिलं, "तांत्रिक बिघाडामुळे काही जुने अहवाल उपलब्ध होऊ शकले नाहीत." तीस वर्षांच्या नोकरीत मी असली वाक्यं हजारो लिहिली आहेत, हात आपोआप चालतो. हितेंद्रनंही स्वतःच्या हातानं एक पान लिहून आणलं होतं. त्यात "मी प्रोफाइल काढली, मी टिक विसरलो" असं सरळ होतं. माझं नाव त्यात नव्हतं. मी ते पान घडी घालून खणात ठेवलं. ते अजून तिथंच आहे.

दिवसकार्याची गंधमुक्ती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारी केंद्राच्या दारात एक म्हातारी उभी राहिली. नऊवारी, डोक्यावरून पदर, छातीशी महिन्याची पोर दुपट्यात. सोबत कुंदन होता. दाढी वाढलेली, एका जागी उभा. मी ओळखायच्या आधी तिनं हितेंद्रला ओळखलं.

"तू तं दवाखानामा बठेल व्हता ना रे भाऊ?"

हितेंद्र उभा राहिला. त्यानं तिला स्वतःची खुर्ची दिली. ती बसली आणि कशासाठी आली ते सांगितलं. तिला भांडायचं नव्हतं. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो, उत्तरं जुळवत होतो, आणि तिला फक्त रत्नाची ती चिठ्ठी बघायची होती. सगळेजण म्हणतात म्हातारीला भ्रम झाला होता, अशी काही चिठ्ठी नव्हतीच. जावयाच्या घरचेही म्हणतात. "मी खोटं बोलनू का, तेवढं माले दखनं शे," ती म्हणाली.

हितेंद्रनं डबा उघडला. नॅपकिन सोडला, डिस्क जोडली, यादी काढली आणि पडदा तिच्याकडे वळवला. तिला वाचता येत नव्हतं. कुंदननं पुढं होऊन वाचलं. रत्ना. कुंदन. जामनेर. दोन पानं.

"शे ना!" ती म्हणाली. आनंदच झाला तिला, हे मला सगळ्यात असह्य झालं. "हाई तिनं नाव शे ना? मंग बठ्ठं शे ना यामा?"

"नाव हाये, अक्का," हितेंद्र म्हणाला. "आतमधलं नही."

"आतमधलं कथा गयं?"

"पुसलं गेलं."

"कोनी पुसं?"

मी टेबलामागे होतो. तीन हातांवर. आता बोलायचं, आता बोलायचं, असं मी मनात म्हणत होतो.

"मी पुसलं," हितेंद्र म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. पोर कुरकुरली तसं तिनं नकळत मांडी हलवली. मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि देवानं तिला शिव्या द्यायची बुद्धी द्यावी असंही वाटलं. पण ती पडद्याकडे वळली. त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. ओळ कुठली ते तिनं कुंदनच्या बोटावरून ध्यानात ठेवलं होतं.

"हाई तरी पुसू नको, भाऊ," ती म्हणाली.

हितेंद्रनं नुसती मान हलवली, पण तिचं समाधान झालं नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि तिची नजर माझ्यावर आली. वय झालेला माणूस, मोठं टेबल, मागे ट्रस्टचा फलक. इथला हुकूम याचा चालतो, हे तिला न सांगता कळलं.

"आबा, तुम्ही सांगा ना याले," ती म्हणाली. "पुसू नको म्हनीसन."

हितेंद्रनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. जानेवारीत बघितलं होतं तसंच.

मी म्हणालो, "पुसू नकोस, हितेंद्र."